पोंग्यातली अळी नेमकी कोणती?

सांगलीतल्या विश्रामबागच्या वसाहती मागे पडल्या की बुधगावच्या अंगाला किंवा मिरजेच्या पुढे मका दिसू लागतो. कुठे चाऱ्यासाठी, कुठे मुरघासासाठी, कुठे कणसांसाठी. पावसाळी मका गुडघ्याला लागायच्या आतच पानांना भोके पडतात आणि मोबाईलवर फोटो फिरू लागतात: “ही लष्करी अळीच ना?” फोटोत फाटलेले पान असते, विष्ठा असते, अळी असते, म्हणून उत्तरही बहुधा ‘हो’ असेच येते. पण एवढ्यावर ‘हो’ म्हणणे घाईचे आहे.

आपल्याकडे ‘लष्करी अळी’ हे नाव आधीपासून चालत आले ते मिथिम्ना सेपरेटा या अळीसाठी. ज्वारी, भात, मका अशा पिकांवर ती झुंडीने येते आणि एक रान संपवून दुसऱ्या रानात शिरते. 2018 साली अमेरिका खंडातून आलेली दुसरीच अळी आपल्या मक्यात घुसली. तिचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. पत्रकांत ती ‘अमेरिकन लष्करी अळी’ झाली, पण बोलताना पहिला शब्द गळून जातो. तिसरी आपल्या सोयाबीनवर आणि द्राक्षवेलीवर येणारी तंबाखूची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा. तिला शेतकरी नुसते ‘स्पोडोप्टेरा’ म्हणतात. आता दुकानात जाऊन ‘लष्करी अळी आहे’ किंवा ‘स्पोडोप्टेरा आहे’ असे सांगितले, तर समोरच्याने नेमके काय समजायचे?

शास्त्रीय नावाचे दोन शब्द इथे उपयोगी पडतात. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या भाऊबंदांच्या गटाचा. दुसरा जातीचा, म्हणजे त्या गटातल्या एकाच प्रकारचा. फ्रुजिपर्डा आणि लिट्युरा एका प्रजातीतल्या दोन जाती आहेत. मिथिम्ना याच मोठ्या कुळातली, पण वेगळ्या प्रजातीतली. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, पण सल्ला विचारताना नावाचा दुसरा शब्द जरूर विचारावा.

फ्रुजिपर्डाचा प्रवास थोडक्यात असा. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातली. जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी 1797 साली तिला नाव दिले. 2016 च्या सुरुवातीला ती पश्चिम आफ्रिकेत सापडली. मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्रज्ञांना ती मक्यावर दिसली. त्याच वर्षी सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर आणि लगोलग सांगली जिल्ह्यातल्या उसावरही ती मिळाल्याची नोंद झाली. वारा साथीला असेल तर तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. त्यामुळे ती इतक्या झपाट्याने पसरली याचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटायचे असेल तर इतक्या पसरलेल्या किडीला आपण अजून अंदाजाने ओळखतो याचे वाटावे.

ओळख चुकली तर बिघडते काय? फवारणीचे औषध एखादे वेळी फ्रुजिपर्डा आणि लिट्युरा दोन्हींवर चालून जाते, म्हणून चूक लपते. पण कामगंध सापळ्यातली गोळी, म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल असलेली ल्युअर, जातीगणिक वेगळी असते. लिट्युरासाठीची ल्युअर मक्यात लावली तर फ्रुजिपर्डाचे नर तिच्याकडे फिरकत नाहीत. सापळा रिकामा दिसतो, आपण निर्धास्त होतो आणि तेवढ्यात पोंगे पोखरले जातात. किडींना रोग घडवणाऱ्या विषाणूंचेही तेच. लिट्युरासाठी मिळणारा विषाणू फ्रुजिपर्डावर तसाच चालेल अशी आशा ठेवू नये.

आधी सामान जमवू. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक पांढरी ताटली, मऊ कुंचला, झाकणाच्या दोन-चार छोट्या बाटल्या, पेन्सिल आणि कागद. मोबाईलचा कॅमेरा चांगला असेल तर उत्तमच, पण तो भिंगाची जागा घेत नाही. भिंगाखाली आपण अळी फिरवून बघतो. फोटोत मात्र जेवढे टिपले तेवढेच हाती लागते, आणि नेमका शेपटीचा भागच बहुतेक फोटोंत अंधुक असतो.

नुकसानीची पाहणी

शेतात शिरल्यावर अळी शोधण्याआधी पाने बघावीत. फ्रुजिपर्डाची नुकती निघालेली अळी पानाचा हिरवा थर खरवडते आणि पातळ पापुद्रा तसाच ठेवते. पान उजेडाकडे धरले तर पांढुरक्या लांबट खिडक्या दिसतात. अळी मोठी होते तशी या खिडक्यांच्या जागी ओबडधोबड भोके पडतात.

मग पोंग्यात, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, डोकवावे. तिथे ओला लाकडी भुसा भरल्यागत विष्ठा दिसली तर संशय पक्का करायला हरकत नाही. मोठी अळी या विष्ठेच्या बुचाखाली बसते, म्हणून वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

पहिली मोठी गफलत इथेच होते. मक्याचा खोडकिडा, कायलो पार्टेलस, हाही पोंग्यात कोवळी पाने कुरतडतो. ते पान उलगडले की त्यावर बारीक गोल छिद्रांची आडवी ओळ दिसते. तशी ओळ फ्रुजिपर्डामुळेही पडते, पण तिची भोके मोठी, कडा फाटलेल्या आणि विष्ठा भरपूर. खोडकिड्याची छिद्रे सुईने टोचल्यागत बारीक. पुढे अळी खोडात शिरते आणि मधला पोंगा वाळतो. वाळलेला पोंगा ओढला आणि तो अलगद हातात आला, की खोड चिरून बघावे. मात्र अगदी कोवळ्या रोपात फ्रुजिपर्डाही मधला कोंब कापू शकते, म्हणजे पोंगा मेला एवढ्यावरूनही निकाल लागत नाही.

मिथिम्नाचे खाणे वेगळे. ती पानाच्या कडेपासून आत खात येते आणि पुष्कळदा मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते. दिवसा ती पोंग्यात किंवा ढेकळाखाली दडते. सकाळी पाने खाल्लेली आणि अळी मात्र कुठेच नाही असे झाले, तर बुडाशी माती उकरून बघावी.

पीक बघून नाव ठरवू नये, हे इथेच सांगून टाकतो. ‘मक्यात आहे म्हणजे अमेरिकन’ हा हिशेब पुष्कळदा बरोबर निघतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. दहा वेळा बरोबर आलेल्या अंदाजाची अकराव्या वेळी कोणी तपासणी करत नाही. कणसाच्या शेंड्यावरच्या केसरात सापडलेली अळी घाटे अळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, असू शकते. उसाच्या कोवळ्या फुटव्यात तर खोडकिडीच्या निरनिराळ्या जाती आधीपासून ठाण मांडून आहेत.

अंडी सापडली तर

फ्रुजिपर्डाची मादी शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका पानावर घालते आणि त्यावर आपल्या अंगचे करडे केस पसरते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. लिट्युराची मादीही अंड्यांचा पुंजकाच घालते आणि केसांनी झाकते. ते केस जरा तपकिरी-सोनेरी असतात. पण भिस्त ठेवावी इतका हा रंगाचा फरक ठळक नाही. पुंजक्यासकट पान घरी आणून अळ्या वाढवून बघाव्यात हे बरे.

दोन गोष्टी मात्र अंड्यांवरून बाद करता येतात. घाटे अळीचा पतंग अंडी एकेक, सुटी घालतो. मिथिम्नाची अंडी पानाच्या घडीत किंवा देठाच्या आवरणात ओळीने दडवलेली असतात. उघड्या पानावर केसाळ पुंजका दिसला तर या दोघी नक्कीच नव्हेत.

अळी ताटलीत

आता मुख्य काम. अळीला कुंचल्याने पांढऱ्या ताटलीत घ्यावे आणि आधी तिचे आकारमान बघावे. फ्रुजिपर्डाची अळी पाच वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या सहा अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांत ती हिरवट आणि भाताच्या दाण्यापेक्षाही लहान असते. त्या वयात तिच्यावर ओळखीची खूण शोधणे व्यर्थ आहे. लिट्युराचे पिल्लूही असेच दिसते. अशा वेळी नाव न घेता अळी पाळावी.

पाळणे अवघड नाही, फक्त प्रत्येक अळीला वेगळी डबी हवी. फ्रुजिपर्डाच्या अळ्या एकमेकींना खातात. एका डबीत पाच ठेवल्या तर आठवड्याने एकच धष्टपुष्ट उरते आणि बाकीच्या कुठे गेल्या याचा उलगडा होत नाही. रोज ताजे कोवळे पान घालावे, जुने पान आणि विष्ठा काढावी, डबीत पाणी साचू देऊ नये. कात टाकून तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत आली की ती पुन्हा ताटलीत घ्यावी.

पहिली खूण डोक्यावर. भिंगातून बघितले तर गडद डोक्यावर फिकट रंगाचा, इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे लिहिल्यासारखा आकार दिसतो. ही खूण बहुतेकांना पाठ आहे आणि सर्वांत जास्त फसवते ती हीच. कारण डोक्याच्या कवचाचा सांधा या आकाराचा असणे ही अनेक अळ्यांची उपजत ठेवण आहे. फ्रुजिपर्डात तो फिकट असल्यामुळे उठून दिसतो एवढेच. मिथिम्नाच्या किंवा घाटे अळीच्या डोक्यावरही प्रकाश तिरपा पडला की ‘वाय’ भासतो. म्हणून वाय दिसला की थांबायचे नाही, शेपटीकडे जायचे.

दुसरी खूण पोटाच्या आठव्या खंडावर. तिथपर्यंत मोजत कसे जायचे ते नीट बघू, कारण चुकीच्या खंडावर ठिपके शोधले जातात आणि मग ‘चौकोन काही दिसत नाही’ अशी तक्रार येते.

अळीच्या अंगाचे डोके सोडून तेरा खंड. पुढचे तीन छातीचे. त्यांना सहा छोटे, टोकदार, खरे पाय. पुढचे दहा पोटाचे. पोटाच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खंडाखाली मांसल, बोथट आधारपायांच्या चार जोड्या असतात, आणि अगदी शेवटच्या दहाव्या खंडाखाली एक. अळीला बाजूने बघून या मधल्या चार जोड्यांमधली शेवटची जोडी शोधावी. तो सहावा खंड. त्यामागचा बिनपायाचा खंड सातवा. त्याच्याही मागचा आठवा. आता अळी पुन्हा वरून बघावी. फ्रुजिपर्डाच्या या खंडाच्या पाठीवर चार ठसठशीत गडद ठिपके असतात, फाशावरच्या चौक्याप्रमाणे चौरसात मांडलेले.

पाठीवर बाकीच्या खंडांनाही चार-चार ठिपके असतात; ते बघून गोंधळू नये. पहिल्यापासून सातव्या खंडापर्यंत पुढची जोडी जवळ-जवळ आणि मागची जोडी लांब असते, म्हणजे चौरस न होता निमुळता चौकोन होतो. शिवाय ते ठिपके बारीक असतात. आठव्यावरचे चार सर्वांत मोठे आणि सारख्या अंतराचे. प्रत्येक ठिपका जरा उंचवटलेला असतो आणि त्यातून एक केस निघतो. भिंगाखाली तो केस दिसला तर आपण ठिपकाच बघतो आहोत, चिकटलेली माती नव्हे, याची खात्री पटते.

रंगाला फार महत्त्व देऊ नये. हीच अळी फिकट हिरवी असते, तपकिरी असते, कधी जवळजवळ काळी असते. पाठीवर लांबीच्या दिशेने फिकट पिवळसर बारीक रेघा असतात, पण रेघा या कुळात कोणाला नाहीत? पूर्ण वाढलेली अळी तीन-चार सेंटीमीटर भरते.

भाऊबंदांची झडती

वाय आणि चौरस दोन्ही जुळले तरी बाकीच्यांना एकेक करून बाद करावे. यात फार तर पाच मिनिटे जातात.

लिट्युरा आधी, कारण ती सख्खी. तिच्या पाठीवर खंडागणिक काळ्या त्रिकोणी किंवा चंद्रकोरीसारख्या डागांची जोडी असते आणि पोटाच्या पहिल्या व आठव्या खंडावरचे डाग मोठे असतात. पाठीवर आणि कडेला पिवळ्या रेघा ठळक. आठव्या खंडावरच्या मोठ्या डागांमुळे उतावळा माणूस ‘सापडले’ म्हणून मोकळा होतो, पण हे डाग दोन आहेत, चार नाहीत. शिवाय लिट्युराची पिल्ले सुरुवातीला एकत्र राहून पानाची चाळणी करतात. सोयाबीनच्या रानात अशी जाळीदार पाने लांबूनही पांढुरकी दिसतात.

मिथिम्नाच्या डोक्यावर जाळीदार नक्षी आणि दोन गडद पट्टे असतात. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत रुंद पट्टे, आणि आधारपायांच्या बाहेरच्या बाजूला गडद खूण. आठव्या खंडावर ठसठशीत चौरस नसतो.

घाटे अळीसाठी स्पर्शाची कसोटी आहे. तिच्या कातडीवर अतिसूक्ष्म काटे असतात, त्यामुळे अंग खरखरीत लागते. फ्रुजिपर्डा दिसायला खडबडीत, पण बोट फिरवले तर गुळगुळीत. ही कसोटी अळी जिवंत असतानाच घ्यावी. स्पिरिटमध्ये पडलेल्या अळीवर तिचा उपयोग नाही.

खोडकिड्याच्या अळीवर ठिपके पुष्कळ, पण सगळ्या खंडांवर सारखे, ओळीने. अंग मळकट पांढरे, डोके तपकिरी. गुलाबी खोडकिडा, सेसामिया इन्फेरन्स, नावाप्रमाणे गुलाबी आणि जवळजवळ बिनठिपक्यांचा. या दोघांशी गफलत होते ती अळी बघितली नाही म्हणून, पान बघूनच नाव घेतले म्हणून.

पतंग ओळखताना

अळी मिळाली नाही आणि सापळ्यात पतंग मिळाले, तर काम जरा वाढते. एखाद्या कॉलेजच्या आवारातल्या किंवा सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरच्या दिव्याखाली पावसाळ्यात जे करडे-तपकिरी पतंग येतात, त्यांत या कुळातले बरेच असतात आणि पहिल्या नजरेला सगळे एकाच मुशीतले वाटतात.

पतंग हाताने पकडू नये. पंखांवरचे रंग म्हणजे बारीक खवले. बोट लागले की ते झडतात आणि ओळख त्यांच्याबरोबर जाते. पतंग डबीत घेऊन काही तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. सापळ्याच्या पिशवीत दोन-तीन दिवस फडफडलेला पतंग बहुधा टकला झालेला असतो, म्हणून सापळा लवकर-लवकर तपासावा.

आधी नर की मादी ते ठरवावे. मागच्या पंखाच्या बुडाशी, पुढच्या कडेला, दोन्ही पंख एकमेकांत अडकवणारा काटा असतो. नरात तो एकच, जाड. मादीत त्याऐवजी दोन-तीन बारीक काटे. भिंगाखाली पंख हलकेच दूर केले की दिसतात. कामगंध सापळ्यात नरच येतात, दिव्याला दोन्ही.

फ्रुजिपर्डाचा नर ओळखायला सोपा. पुढचे पंख करडे-तपकिरी, टोकाशी पांढरा डाग, आणि मधोमध तिरपा, गव्हाळ रंगाचा लंबगोल. मागचे पंख चांदीसारखे पांढरे, कडेला बारीक गडद किनार. पंखांची रुंदी साडेतीन-चार सेंटीमीटर. मादीत मात्र टोकाचा पांढरा डाग नाही आणि नक्षी पुसट, सगळा पंख मळकट करडा. मादीवरून केवळ डोळ्यांनी जात ठरवण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिट्युराच्या पुढच्या पंखावर शिरांच्या मार्गाने फिकट पांढुरक्या रेघांचे गुंतागुंतीचे जाळे असते. एकदा बघितले की पुन्हा विसरत नाही. घाटे अळीचा नर हिरवट करडा, मादी नारिंगी छटेची, आणि दोघांच्या मागच्या पंखावर कडेजवळ रुंद गडद पट्टा. मिथिम्ना सेपरेटाचे पंख पिवळसर तपकिरी, पुढच्या पंखाच्या मध्याशी एक बारीक पांढरा ठिपका.

सापळ्यातला छुपा पाहुणा मिथिम्ना लोरेयी. फ्रुजिपर्डाच्या ल्युअरला हा पतंगही भुलतो. आफ्रिकेत अशा सापळ्यांत तो मोठ्या संख्येने पडल्याचे आढळले आहे, आणि तो भारतातही राहतो. याचे मागचे पंख शुभ्र, त्यामुळे उलट्या पडलेल्या पतंगांची नुसती मोजणी केली तर तो सहज फ्रुजिपर्डात जमा होतो. पुढचा पंख उलगडून बघावा: गव्हाच्या काडाचा एकसारखा रंग, बुडापासून निघालेली गडद रेघ, तिच्या टोकाकडे पांढरा ठिपका, आणि तिरपा लंबगोल नाही. सापळ्यातल्या आकड्यावरून फवारणी ठरवणार असाल तर ही वर्गवारी आधी करावी लागते.

पंख झडले तर

खवले झडलेला पतंग आणि शंकास्पद मादी यांच्यासाठी कीटकशास्त्रज्ञ पोटाच्या टोकाशी असलेले जननेंद्रियांचे कठीण भाग बघतात. जवळच्या जातींचे पंख सारखे असू शकतात, पण या भागांची घडण जातीगणिक निराळी असते. पोट वेगळे करून कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात ठेवतात, मऊ भाग विरघळतो, कठीण सांगाडा उरतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली मांडतात. फ्रुजिपर्डाच्या नरात पकडीसारख्या दोन झडपा जवळजवळ आयताकृती असतात. हे काम घरी करू नये. द्रावण कातडी जाळते. जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत किंवा कृषी संशोधन केंद्रात विचारावे. सांगलीकरांना कसबे डिग्रजचे केंद्र जवळ आहे.

या पद्धतीने किती मोठा घोळ निस्तरला गेला याचे उदाहरण आपल्याच लिट्युराचे आहे. इंग्रजी अमलातल्या पुस्तकांत ती प्रोडेनिया लिट्टोरॅलिस या नावाने वावरते, कारण आफ्रिकेतली कापसावरची अळी आणि आशियातली ही अळी एकच समजली जात होती. पंखांवरून दोघींत फरक करणे महाकठीण. 1960 च्या दशकात जननेंद्रियांच्या अभ्यासातून त्या दोन जाती असल्याचे पक्के झाले: आफ्रिका आणि भूमध्य समुद्राकडची लिट्टोरॅलिस, आपल्याकडची लिट्युरा.

शेवटचा उपाय डीएनए. 2003 साली कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांची जात ओळखण्यासाठी ‘सीओआय’ या एकाच जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वापरण्याची पद्धत मांडली; तिला डीएनए बारकोड म्हणतात. अळीचा एक पायसुद्धा पुरतो. 2018 मध्ये कर्नाटकातल्या अळ्यांची ओळखही बाह्य खुणांबरोबर याच तुकड्याने पक्की केली गेली.

इथे नमुना पाठवणारे नेमके चुकतात ते बाटलीत. जुन्या सवयीने अळी फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. त्यात डीएनए खराब होतो. तीव्र अल्कोहोल वापरावे, आणि अळी मोठी असेल तर एका दिवसाने ते बदलावे, कारण अंगातले पाणी त्यात उतरून ते पातळ होते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये पसरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी सुटते. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पीक, पिकाचे वय आणि गोळा करणाऱ्याचे नाव. पीक लिहायचे विसरले तर नमुन्याची निम्मी किंमत गेली.

पिकाची नोंद इतकी का जपायची, याला फ्रुजिपर्डाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. अमेरिकेत तिचे दोन वाण ओळखले जातात: एक मुख्यतः मका-ज्वारीवरचा, दुसरा भात आणि गवतांवरचा. दिसायला दोन्ही एकच. भारतातल्या अळ्यांचा सीओआय तुकडा तपासला तर तो पुष्कळदा भाताच्या वाणाचा निघतो, पण ‘टीपीआय’ या दुसऱ्या जनुकावरून त्याच अळ्या मक्याच्या वाणाच्या ठरतात. सीओआय फक्त आईकडून येतो, टीपीआय बापाकडूनही येतो. म्हणजे पूर्वी कधीतरी दोन्ही वाणांचा संकर झालेला असावा. शेतात ती मक्यावरच तुटून पडते.

म्हणून शिराळ्याच्या भातखाचरात झुंडीने अळ्या दिसल्या आणि कोणी ‘अमेरिकन आली’ म्हणाले, तर आधी मिथिम्ना आणि स्पोडोप्टेरा मॉरिशिया या दोघींची झडती घ्यावी. मॉरिशिया भातावरचीच; तिच्या अंगावर काळ्या अर्धचंद्राकृती डागांच्या ओळी असतात. त्या दोघी बाद झाल्या आणि आठव्या खंडावर चौरस स्पष्ट दिसला, तर मात्र त्या अळ्या जपून ठेवाव्यात: काही अल्कोहोलमध्ये, काही वेगवेगळ्या डब्यांत भाताच्याच पानांवर जिवंत. डबीच्या तळाशी दोन बोटे ओलसर माती असू द्यावी, कारण कोषात जाताना अळीला ती लागते. हवा उबदार असेल तर आठ-दहा दिवसांत कोषातून पतंग निघतो. त्याचे पंख पुरते वाळेपर्यंत झाकण उघडू नये.